एक केमो पुढे असलेली बाई शोधा: नुकतंच निदान झालेल्या मैत्रिणींसाठी

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, तुमच्या त्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ग्रुपमध्ये यायचंय पण तिथे येऊन नक्की करायचं काय?" प्रत्येकीला फोनवर तासभर सांगत बसले, मग म्हटलं एकदाच लिहून ठेवू. सपोर्ट ग्रुप म्हटलं की लोकांना ऑक्टोबरमधल्या गुलाबी रिबिनी आणि स्टेजवर माईक घेऊन "मी लढले" सांगणारी बाई आठवते. आमच्याकडे तसलं फार नसतं. आमचा बराचसा वेळ तोंड आल्यावर काय गिळायचं, ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी जमा करणारी ड्रेनची बाटली गाऊनच्या आत कशी अडकवायची आणि भोचक नणंदेला काय सांगायचं यात जातो.

माझं थोडक्यात सांगते. 46 व्या वर्षी निदान, डावी बाजू, आधी ऑपरेशन, मग केमो, मग 15 रेडिएशन आणि आता रोजची गोळी. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बँकेत नोकरी करते, त्यामुळे खाली औषधाबद्दल जे काही येईल ते आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि हो, इथे तुम्ही-तुम्ही लिहितेय पण ग्रुपवर आलात की दोन दिवसात अगं-तुगं होतं, रागावू नका.

पायरी 1: आधी एक बाई, ग्रुप नंतर

सगळ्यात आधी तुमच्यापेक्षा एक किंवा दोन केमो पुढे असलेली बाई शोधा. पंधरा वर्षं झालेली नको. म्हणजे तीही हवी, तिला नुसतं बघूनच धीर येतो, पण तिला बारीकसारीक आठवत नाही, ती म्हणते "काही नाही गं, होऊन जातं". दोन केमो पुढची जी असते ती सांगते की लाल औषध चढवलं की त्या दिवशी लघवी लाल होते घाबरू नको, रक्तातले काउंट म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं की कंबरेची हाडं ठणकतात, केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी उशीवर दिसायला लागतात म्हणून त्याआधीच बारीक कापून टाक म्हणजे बाथरूमची जाळी तुंबत नाही. मला हे एका भाजी विकणाऱ्या मावशींनी सांगितलं, शेजारच्या खुर्चीत त्यांचं तिसरं सलाईन चालू होतं आणि माझं पहिलं. त्यांना सही करता येत नव्हती, पण कुठल्या गोळीने मळमळ थांबते आणि कुठलीने पोट बांधलं जातं हे त्यांना पाठ होतं.

अशी बाई मिळते कुठे? केमोच्या डे-केअरमध्ये, शेजारच्या खुर्चीत. त्याहून सोपी जागा म्हणजे रेडिएशनची रांग, कारण तिथे सोमवार ते शुक्रवार रोज ठरलेल्या वेळी तीच चार-सहा तोंडं दिसतात, तीन आठवड्यात डब्यांची देवाणघेवाण सुरू होते, ग्रुप काही वेगळा काढावा लागत नाही. गावाहून आलेल्यांसाठी धर्मशाळा. परळच्या टाटा हॉस्पिटलला विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतची माणसं येतात, त्यातली कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळलाच नाना पालकर स्मृती समितीत उतरतात, आणि संध्याकाळी नळावर भांडी घासताना बायका एकमेकींना जे सांगतात ते ओपीडीतल्या पाच मिनिटांत कोण सांगणार. मुंबईत व्ही केअरसारख्या संस्थाही आहेत, तिथे स्वतः या आजारातून गेलेली माणसं पेशंटशी बोलतात.

यातलं काहीच जमत नसेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा आणि सरळ विचारा, "माझ्यासारखं ऑपरेशन झालेली कोणी बोलायला मिळेल का?" लाजू नका. त्याच टेबलावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, रेल्वेच्या आणि एसटीच्या सवलतीचा फॉर्म यांचंही विचारून घ्या, एका खेपेत दोन कामं.

ही कल्पना काही आमची नाही. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर नावाच्या बाईंचं स्तन काढलं, आता हात कसा हलवायचा, कपड्यात काय भरायचं, नवऱ्याशी कसं वागायचं हे सांगणारं तिथे कोणी भेटेना. मग त्या स्वतःच बरं वाटल्यावर हॉस्पिटलात जाऊन नव्या बायकांना भेटायला लागल्या, बरोबर हाताच्या व्यायामाला चेंडू, दोरी आणि ब्रेसियरमध्ये ठेवायला मऊ गादी. डॉक्टरांना आधी ही लुडबूड वाटली. पुढे 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तेच काम 'रीच टू रिकव्हरी' म्हणून स्वतःकडे घेतलं. चेंडू, दोरी आणि गादी, बघा, भाषण कुठेच नाही.

पायरी 2: ग्रुपवर पहिला मेसेज

नवीन बाई येते आणि लिहिते "हाय ऑल, प्लीज प्रे फॉर मी". मग चाळीस हात जोडलेले येतात आणि संपलं. त्यापेक्षा असं लिहा:

"नमस्कार, मी साताऱ्याची, वय 51. उजव्या बाजूला गाठ, बायॉप्सी झाली, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मुलगा बाहेरगावी, घरी मी आणि हे. ऑपरेशनला हॉस्पिटलात कुठले कपडे न्यावे आणि घरी किती दिवस स्वयंपाकाला बाई लागेल एवढं कोणी सांगेल का?"

यावर दहा मिनिटांत उत्तर येतं, पुढून बटणं असलेला सैल गाऊन किंवा नवऱ्याचा जुना शर्ट आणि काखेत ठेवायला लहान उशी. प्रश्न छोटा ठेवला की उत्तर कामाचं येतं. आणि नुसतं रडायचं असेल तर तेही लिहा, "आज सल्ला नको, फक्त ऐका" असं लिहिलेलं आमच्यात चालतं आणि सगळ्या पाळतात, एक निवृत्त मुख्याध्यापिका सोडून.

रिपोर्टचा फोटो टाकताना नाव, केस नंबर, मोबाईल झाकून टाका. आणि बाकीच्यांनी ग्रुपवरचं बाहेर न्यायचं नाही. आमच्यातल्या एकीच्या मुलीचं लग्न ठरत होतं, तिने घरात सुद्धा सगळ्यांना सांगितलं नव्हतं, आणि कोणीतरी स्क्रीनशॉट फिरवला. त्यानंतर तिने ग्रुप सोडला, फोनही उचलेना. चूक आमची होती.

पायरी 3: डॉक्टरला काय विचारायचं आणि बाईला काय

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा लांबवते. औषध कुठलं, किती, थांबवायचं का, स्कॅन कधी, हे डॉक्टरला. औषध घेतल्यावर दिवस कसा काढायचा, हे बाईला. सीमारेषा एवढी सोपी आहे तरी रोज ओलांडली जाते.

"तिला सोळा केमो दिल्या मला चारच, माझ्याकडे दुर्लक्ष तर करत नाहीत ना?" हा प्रश्न महिन्यातून एकदा येतोच. अगं बाई, आपल्या सगळ्यांना एकच नाव असलं तरी आजार एक नाही. कोणाचा हार्मोन पॉझिटिव्ह असतो, म्हणजे हार्मोनवर वाढणारा, तिला टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी पाच ते दहा वर्षं. कोणाचा हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत हर-टू नावाचं प्रोटीन जास्त, तिला ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी साधारण वर्षभर. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनही नाही आणि हर-टूही नाही, असा असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही, तिथे केमोवर भिस्त जास्त. म्हणून मैत्रिणीच्या फाइलशी तुलना करून रात्री जागू नका, वाटलंच तर तो प्रश्न कागदावर लिहा आणि पुढच्या ओपीडीला न्या. आम्ही ग्रुपवर एकमेकींचे प्रश्न लिहून देतो, जास्तीत जास्त तीन, कारण चौथ्यापर्यंत डॉक्टर उठलेले असतात.

एक गोष्ट मात्र बाईला विचारत बसायची नाही, ती म्हणजे केमो चालू असताना आलेला ताप. थर्मामीटरवर 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा आणि सांगतील तसं निघायचं. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, साधारण केमोनंतर सात ते चौदा दिवसांत सगळ्यात खाली, अशा वेळी साधा संसर्गही अंगावर येतो. आपली सवय क्रोसिन घेऊन पांघरूण ओढायची, सकाळी बघू म्हणायची, कशाला सगळ्यांची झोप मोडायची. आमच्यातली एक अशीच पडून राहिली आणि थेट आयसीयूत गेली, वाचली पण महिना गेला. त्यानंतरच्या संक्रांतीला आम्ही हळदीकुंकू केलं त्यात वाण म्हणून डिजिटल थर्मामीटर वाटले. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरे.

पायरी 4: मदत मागताना काम सांगा

"काही लागलं तर सांग हं" असं सगळे म्हणतात आणि मनापासून म्हणतात, पण लागतं तेव्हा आपण सांगत नाही कारण पन्नाशीतल्या आपल्यासारख्या बायकांना आयुष्यभर दुसऱ्यांचं करायची सवय, स्वतःसाठी मागायचं म्हणजे जीभ जड होते. म्हणून कामांची यादी करून फ्रिजवर लावा आणि जो कोणी विचारेल त्याला त्यातलं एक काम द्या. मंगळवारी रक्ताचा रिपोर्ट आणणे. गुरुवारी सासूबाईंना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेणे. केमोनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डबा, फोडणीचा वास नको, मऊ मुगाची खिचडी किंवा नाचणीची पेज. एटीएमचं काम. माझ्या सोसायटीतल्या एका मुलाकडे मी फक्त आठवड्याचं दळण दिलं होतं, पाच महिने आणलं त्याने, त्यालाही बरं वाटायचं की आपण काकूंचं काहीतरी करतोय.

तुम्ही मदत करणाऱ्या असाल तर उलटं करा, विचारू नका, दोन पर्याय द्या, "उद्या भाजी आणू का परवा तुझ्याबरोबर हॉस्पिटलला येऊ?" भेटायला गेलात तर अर्ध्या तासात उठा, सर्दी असेल तर जाऊच नका, आणि "माझ्या आत्याला पण झालेला, ती गेली" हे दारातच सोडून या. हसू नका, मला हे सहा जणांनी सांगितलंय.

तोंड आलं असेल तर कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच वेळा चुळा, हे आमच्यात पहिल्या दिवशी सांगतात. बाहेरची पाणीपुरी, उसाचा रस, कच्ची कोशिंबीर काउंट वर येईपर्यंत बंद.

फॉरवर्डचं एवढंच सांगते. लक्ष्मणफळाचा रस, गोमूत्र, साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, पपईच्या पानांचा काढा, हे सगळं आमच्या ग्रुपवर पहिल्यांदा आलं तर डिलीट, दुसऱ्यांदा आलं तर पाठवणारी बाहेर. यात चर्चा नाही. काढा पोटात जाऊन लिव्हरचे रिपोर्ट बिघडले तर केमो पुढे ढकलावी लागते, आणि ढकललेली केमो कोणाच्या काढ्याने भरून येत नाही.

पायरी 5: हात, बांगडी आणि ब्लाउज

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज यायची शक्यता पुढे कितीतरी वर्षं राहते, लिम्फिडिमा म्हणतात त्याला. फिजिओथेरपिस्ट टेपने माप घेतात ते घ्याच, पण घरच्या घरी आपल्याकडे टेपपेक्षा भारी वस्तू आहे, बांगडी. नेहमीची बांगडी सहज सरकेना किंवा ब्लाउजची बाही त्या एकाच बाजूला काचायला लागली की समजायचं आणि लगेच दाखवायचं, कारण सुरुवातीला आटोक्यात येते, दगडासारखा झालेला हात मग फार छळतो. त्या हातावर बीपी, सुई, रक्त शक्यतो नको असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते लॅबवाल्याला आपणच सांगायचं, तो विचारत नाही. कापलं, भाजलं, मांजराने ओरबाडलं तर धुऊन औषध लावायचं, हात लाल आणि गरम झाला तर डॉक्टर. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम परवानगी मिळाल्यापासून रोज करायचा. एकटीला कंटाळा येतो म्हणून आम्ही सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल लावतो, कोणी गाऊनमध्ये, कोणाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, वीस मिनिटं हात वर.

आता कपडे. स्तन पूर्ण काढलं असेल तर त्या जागी नुसता कापूस कोंबला की तो हलका असल्याने वर सरकतो, अगदी लग्नात वाढप करताना गळ्यापाशी येतो, झालंय माझं. सिलिकॉनचं मिळतं, वजन बरोबर असतं, खांदा एका बाजूला झुकत नाही, पण महाग आणि आपल्या उन्हात खाली घाम येतो. घरी सुती कापडाची पिशवी शिवून त्यात कापसाबरोबर थोडी मोहरी किंवा बाजरी भरली की वजन येतं, कापड मऊ घ्या, जखम पूर्ण भरल्यावरच वापरा आणि धुताना धान्य आधी काढा, एकीच्या बाजरीला मोड आले होते. ब्लाउजला आतून खिसा शिवून देणारी शिंपीण एकीला सापडली की तिचा नंबर सगळ्यांना द्या. आणि काहीच घालायचं नसेल तर घालू नका, आमच्यातल्या दोघी तशाच फिरतात, पदर आहे ना.

पायरी 6: घरात न बोलता येणारं

आपल्या वयात गंमत अशी की पाळी जायची वेळ आणि ही ट्रीटमेंट एकदम येते. मग दुपारी मीटिंगमध्ये अंगातून वाफा निघतात, रात्री चादर भिजते, सांधे आखडतात आणि कळत नाही की हे वय आहे का गोळी आहे का केमो. बऱ्याचदा तिन्ही. गोळीच्या त्रासाने वैतागून परस्पर बंद करणाऱ्या खूप जणी आहेत, तसं करू नका, डॉक्टरला सांगा, गोळी बदलता येते, त्रासावर उपाय असतो. टॅमोक्सिफेन चालू असताना पाळी गेलेली असून पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं. खालचा कोरडेपणा, संबंध दुखणं, इच्छाच न होणं, हे सगळं आमच्या फक्त बायकांच्या भेटीत मोकळेपणाने निघतं, पहिली कोणीतरी बोलते आणि मग सगळ्या बोलतात. मेडिकलमधून हार्मोनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय आणायचं नाही.

मुलींचं टेन्शन सगळ्यांना असतं. आनुवंशिक कारण साधारण शंभरात पाच ते दहा जणींमध्येच सापडतं, त्यामुळे लगेच लेकीला घाबरवू नका, पण तुमचं वय कमी होतं किंवा आई-मावशीला स्तनाचा वा अंडाशयाचा झाला होता तर जेनेटिक टेस्टबद्दल विचारा.

पायरी 7: ट्रीटमेंट संपल्यावर परत या

इथे बऱ्याच जणी चुकतात. शेवटचं रेडिएशन झालं, घरी पेढे, कामवाली बंद, सगळे म्हणतात सुटलीस. आणि आपण ओट्यापाशी उभ्या राहून रडतो. वर्षभर दर आठवड्याला कोणीतरी तपासत होतं, आता एकदम तीन महिन्यांनी या म्हणतात. डोकं दुखलं तरी वाटतं वर गेला, पाठ दुखली की हाडात गेला. थकवा जात नाही, शब्द आठवत नाहीत, मी बँकेत स्वतःचा पासवर्ड तीनदा चुकले. मदत मात्र सगळी केमोच्या काळात येऊन गेलेली असते. म्हणून ग्रुपवर "माझं संपलं, थँक्यू" लिहून निघून जाऊ नका, सहा महिने तरी थांबा. फॉलोअपच्या आदल्या रात्री आमच्यात जागणारी एक तरी असतेच. आम्ही तारखा एका वहीत लिहून ठेवतो, रिपोर्टच्या दिवशी त्या बाईबरोबर एकीने जायचं, आत नाही, बाहेर बाकावर बसायचं. दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी दरवर्षी, ती तारीखही वहीत.

पायरी 8: जिचा पसरलाय ती

चौथ्या स्टेजच्या मैत्रिणी ग्रुपवर हळूहळू गप्प होतात. का, तर आपण सारखं "कॅन्सरला हरवलं" म्हणत असतो, आणि तिची ट्रीटमेंट संपणारच नसते, मग ती काय हरली का? तिने नीट केलं नाही का? आमच्यातल्या एकीनेच हे तोंडावर सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. तिची गोळी तीन वर्षं चालली, मग बदलली, मग पुन्हा केमो, मध्ये ती तुळजापूरला जाऊन आली, भाचीचं बाळंतपण केलं. तिला "पॉझिटिव्ह राहा" कोणी म्हटलं की ती म्हणायची, "माझा रिपोर्ट पॉझिटिव्हच आहे गं." अशा मैत्रिणींचा वेगळा छोटा ग्रुपही ठेवा आणि मोठ्यातही ठेवा. दुखणं कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाचं नाव काढलं की घरचे घाबरतात, पण तो विभाग शेवटच्या दिवसांपुरता नाही, ट्रीटमेंट चालू असतानाही तिथे जाता येतं, हे तिला आमच्यातल्या दुसऱ्या पेशंटनेच सांगितलं, डॉक्टरने सांगूनही पटलं नव्हतं.

ती गेल्या वर्षी गेली. त्या दिवशी ग्रुपवर काय करायचं कळेना, फुलांचे फोटो यायला लागले आणि त्याच वेळी एका नवीन बाईचं दुसऱ्या दिवशी पहिलं सलाईन होतं. तेव्हापासून ठरवलंय, बातमी लपवायची नाही पण एकच मेसेज जाईल, आणि ज्यांची ट्रीटमेंट चालू आहे त्या प्रत्येकीला कोणीतरी स्वतः फोन करेल.

तुमच्या गावात ग्रुप नसेल तर

पाच जणी पुरतात. दोन ॲडमिन ठेवा कारण एकीची स्वतःची तब्येत कधीही बिघडू शकते. रात्री दहानंतर मेसेज नाहीत, एमर्जन्सीला फोन. महिन्यातून एकदा समोरासमोर भेटा, वाचनालयाची खोली, देवळाचा हॉल, बाग, कुठेही, बसायला पाठ टेकणारी खुर्ची आणि जवळ संडास एवढंच बघा. पैसे गोळा करू नका, भांडणं तिथूनच होतात. प्रोटीन पावडर आणि विमा विकणाऱ्या मैत्रिणींना पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगा.

आणि नको झालं की ग्रुपमधून बाहेर पडायचं, खुशाल. मी स्वतः आठ महिने बाहेर होते, कॅन्सर हा शब्दच नको झाला होता, भिशी आणि पाहुणे एवढंच करत होते. मग एका सोमवारी फॉलोअपला गेले तर रांगेत एक बाई नवी कोरी फाइल छातीशी धरून बसली होती, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचे केस परत कधी आले हो?" तिला म्हटलं सरक जरा, सांगते.